संदुकीतली झबली

जळगाव

प्रिय माय,

बाळ आता पिवळं नाही. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं तू नीट वाचशील. काल त्याला निळ्या दिव्याखालून काढलं. रक्त बदलायची वेळ आली नाही, आणि लघवीचा तो कोऱ्या चहासारखा रंगही गेला. आज सकाळी तुझ्या जावयाच्या इस्त्रीच्या शर्टावर त्यानं धार सोडली, तर अमृत तोच शर्ट घालून दवाखानाभर पेढे वाटत फिरला. हुश्श झालं गं. 

फोन तू उचलत नाहीस म्हणून लिहायला बसले. बाळ पिवळं पडलेलं बघितलंस आणि मला न सांगता साक्रीची एसटी धरलीस. शेजारच्या खाटेवरच्या बाईला तेवढं सांगून गेलीस, "माझा हात लागला म्हणून झालं. आता मी त्याला शिवणार नाही." खरं सांगते, मला तुझा फार राग आला. लेक बाळंतीण, नातू काचेच्या पेटीत, आणि आजी पसार. पण त्यानंतर जे कळलं ते तुला कळायलाच हवं, नाहीतर तू जन्मभर त्याला मांडीवर घ्यायची नाहीस.

इथल्या डॉक्टर ऋतिका दिसतात कॉलेजच्या पोरीसारख्या, पण चौकशी पोलिसासारखी. काय खाल्लं, कुठली गोळी घेतली, माहेरी कुणाला कावीळ झाली होती का. मग त्यांनी बाळाचं दुपटं उचलून नाकाला लावलं आणि विचारलं, यात डांबरगोळ्या होत्या का. होत्याच की. तान्ह्या बाळाला आधी जुनंच कापड घालायचं ही आपली रीत, म्हणून तू माझीच झबली, कुंची आणि दुपटी इतकी वर्षं संदुकीत जपलीस. कसर लागू नये म्हणून गोळ्या टाकल्यास. धुऊनच ठेवली होती म्हणून पुन्हा धुतली नाहीस. कोणत्या घरात याहून वेगळं करतात? माझ्या शालूतही त्याच गोळ्या आहेत. होत्या. अमृतनं सगळ्या बाहेर काढल्या, तूही काढ.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. रक्तातल्या तांबड्या पेशी ऑक्सिजन वाहतात, आणि त्याच ऑक्सिजननं त्या गंजूही शकतात, जसा पावसात राहिलेला विळा. तो गंज रोखायला शरीर स्वतःच राखणदार ठेवतं, त्यांना अँटिऑक्सिडंट एन्झाइम म्हणतात. त्या राखणदारांना बळ पुरवणारं जी-सिक्स-पीडी नावाचं एक एन्झाइम आपल्या बाळात फार कमी आहे. एरवी काही अडत नाही. पण डांबरगोळीचा वास किंवा मलेरियाच्या काही गोळ्या असं काही अंगात गेलं, की पेशी भराभर फुटतात आणि मूल पिवळं पडतं. एवढं टाळलं, कुठल्याही औषधाआधी डॉक्टरांना सांगितलं, की झालं. तो शाळेत जाईल, विहिरीत उड्या मारेल, कळण्याची भाकरी आणि भरीत चापून खाईल.

हे आईकडून लेकाला येतं. म्हणजे माझ्याकडून त्याला आणि बहुतेक तुझ्याकडून मला. लगेच कपाळावर हात मारून घेऊ नकोस. तुला नानीनं दिलं, नानीला तिच्या आईनं, असं भांडत गेलो तर पार आदिमायेच्या दारात जाऊन उभं राहावं लागेल. कौतिकमामाला फोन केला, तर त्याचंही तेच दिसतंय. तरुणपणी मलेरियाच्या गोळ्या घेतल्या आणि पिवळाधमक झाला होता म्हणे. म्हणतो, मला लग्नाच्या आधीच हळद लागली. त्यालाही तपासणी करायला सांगितलीय.

 मग मामानं ते सांगितलं, जे तू मला कधीच सांगितलं नाहीस. माझ्या आधी एक मुलगा झाला होता. त्यालाही आजीच्या, म्हणजे तुझ्या सासूच्या, संदुकीतलंच झबलं घातलं होतं. तो पिवळा पडला तेव्हा आजी सगळ्यांसमोर म्हणाली, "इना दूधमा दोष शे." तुझ्याच दुधात खोट आहे म्हणून बाळ तुझ्यापासून काढून घेतलं, शेळीचं दूध पाजलं, आणि तू छातीला फडकं आवळून आतल्या खोलीत त्याचं रडणं ऐकत राहिलीस. तो गेला. तेव्हापासून तू गावात कुणाचं तान्हं मूल उचललं नाहीस. मी समजायचे, तुला मुलांची आवड नाही. डॉक्टरांना मी हे सगळं सांगितलं. आज खात्रीनं सांगता येणार नाही, पण खूण तीच दिसते, असं त्या म्हणाल्या.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. तू निघून गेलीस तशी मीही भ्याले, आपलंच दूध त्याला बाधेल म्हणून. कुणाला न सांगता दूध पिळून बेसिनमध्ये ओतत होते आणि बाळाला वरचं देत होते. काल डॉक्टरांनी ते पकडलं आणि अशी झापली की विचारू नकोस. मग मी त्याला जवळ घेतलं. तो प्यायला, पोट भरून प्यायला, आणि तोंडात तसंच धरून झोपला. मला रडू आवरेना. तुझ्यापासून काय हिरावून घेतलं होतं ते मला तेव्हा कळलं. फोनवर बोललेलं वाऱ्यावर जातं, म्हणून लिहून देते: माय, तुझं दूध चांगलं होतं. तुझ्या हातातही काही खोट नाही. डॉक्टरांनी प्रवासाची परवानगी दिलीय. सव्वा महिना मी माहेरीच काढणार. रविवारी अमृत आम्हाला गाडीनं साक्रीला आणतोय. दार उघडलंस की आधी त्याला घे, माझ्याकडे मग बघ.

तुझीच,
मेघी