माहितीदाता क्रमांक चार

॥ श्री ॥

नवे गावठाण, ता. करमाळा, जि. सोलापूर
दि. २ मे १९७८

चि. इंदुमतीस मानसिंग आजोबांचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि. येथे सर्व क्षेम. तू पुण्यात वेळेवर जेवतेस की नाही, एवढेच तुझी आजी विचारण्यास सांगते.

धरणाने उठविलेल्या आपल्या गावावरील तुझ्या निबंधाचा कच्चा मसुदा पोहोचला. दुरुस्त्या सुचवाव्यात असे तू लिहिलेस. त्या सुचवीत आहे, व त्या गोड नाहीत. मी चौथी पास आहे. गावात टपालाने आलेला प्रत्येक कागद मारुतीच्या पारावर मीच मोठ्याने वाचतो, हे तुला ठाऊक आहे. त्या रीतीने तुझा निबंधही वाचावयास घेतला. पुरुषमंडळी समोर, बायका ओट्याखाली. नातीचे लिखाण म्हणून मी नवा फेटा बांधून बसलो. आणि वाचतो काय? "माहितीदाता क्रमांक चार, वृद्ध, अल्पशिक्षित, यांच्या मते प्लॉटांची वाटणी रीतसर झाली." शब्द माझे आहेत. नाव कोठे आहे?

मोजणीवाल्यांनी आमच्या जुन्या दारावर डांबराने आकडा घातला, तेव्हापासून कचेरीत मला त्या आकड्यानेच पुकारीत. घर पाण्याखाली गेले, त्याबरोबर आकडाही बुडाला, असे मी समजत होतो. तो तू पुण्याहून टपालाने परत धाडलास! क्रमांक चार म्हणजे मीच, असे मी पारावर छातीवर हात ठेवून सर्वांस सांगितले व वाचन तेथेच थांबविले.

माझे नाव वडिलांच्या नावासह घालावे. ते जमत नसल्यास माझे शब्द मला परत करावेत. पुढील पाने पाहण्याची मला इच्छा नाही. परंतु बाबा, पुढं काय लिवलंय, म्हणून सरपंच श्रीमंत सारखा विचारतो. सबब बाजाराच्या दिवशी उरलेले वाचीन.

रागाच्या भरात आशीर्वादात काटछाट केलेली नाही, हे जाणून असावे.

मानसिंग


पुणे, दि. ५ मे १९७८

तीर्थरूप आजोबांच्या चरणी इंदुमतीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र वाचून आधी हसू आले, मग धास्ती वाटली. हसू फेट्याचे, धास्ती पाराची. मसुदा तुमच्या एकट्यासाठी होता. आपल्या गावात टपाल एकट्याचे नसते, हे मी पुण्यात राहून विसरले.

नावे न घालण्याचा नियम आमच्या सरांचा आहे, आणि तो मला पटतो. क्रमांक नऊ पाहा. "चिठ्ठ्या टाकल्या त्या आमच्यासाठी, विहिरीजवळचे प्लॉट आधीच त्यांचे," हे शब्द शेजारच्या बजाबाईंचे आहेत. त्या विधवा बाई. त्यांचा मुलगा श्रीमंतकाकांच्या मोटारपंपावर कामाला, आणि श्रीमंतकाकांचा प्लॉट विहिरीला लागून. तुमचे नाव घातले, तर बाकीचे आकडे कोणाचे, हे गाव बसल्या जागी ओळखेल.

आजोबा, पुढची पाने पारावर वाचू नका. माझ्यावर हवे तेवढे रागवा, तुमचा राग माझ्या अंगवळणी पडलेला आहे. आजीला सांगा, जेवते.

राग ओसरला की दोन ओळी लिहा, त्यांची वाट पाहते.

तुमची इंदुमती


॥ श्री ॥

नवे गावठाण, दि. १४ मे १९७८

चि. इंदुमतीस अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि. तुझे पत्र पोहोचले, ते वाचन उरकल्याच्या दुसऱ्या दिवशी.

क्रमांक नऊचे वाक्य मी खणखणीत वाचले, आणि वाचता वाचताच ते कोणाचे हे मला कळले. असे तोडून बोलणारे गावात दुसरे कोणी नाही. श्रीमंत ताडकन उठला. ह्यो नऊ नंबर कोण, ते आत्ताच्या आत्ता कळलं पायजे, म्हणाला. माणसे वळून बायकांकडे पाहू लागली. बजाबाईने पदर कपाळापर्यंत ओढला. तेव्हा मी सांगितले की नऊ मीच.

श्रीमंत हसला. बाबा, तुमी तर चार नंबर की, परवा हितंच सांगितलंत, असे म्हणाला. चारही मी व नऊही मी, नातीने मला दोनदा विचारले, असे मी ठणकावले. मग एकदा वाटणी रीतसर, नि एकदा उलटं, ते कसं, असे त्याने विचारले. एकदा जेवणापूर्वी विचारले व एकदा जेवणानंतर, असे मी सांगितले. सर्व मंडळी हसली. श्रीमंत हसला नाही. त्याच्या पंपाचे पाणी माझ्या केळीला त्या दिवसापासून बंद आहे.

त्या वाटणीच्या कागदावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. एका बाईला खरे बोलण्यासाठी आकड्याआड बसावे लागते, तेथे रीतसर काय झाले, या विचाराने माझ्या अंगाचा तिळपापड होतो. हा संताप तुझ्यावरचा नव्हे.

तरी दुरुस्त्या अशा. माझे नाव कोठेही घालू नये. क्रमांक चारच्या तोंडचा "रीतसर" हा शब्द काढावा. नऊच्या वाक्यास हात लावू नये. आणि शेवटी ग्रामस्थ सामान्यतः समाधानी असल्याचे जे लिहिले आहेस, ते तुझ्या सरांनी सांगितले असल्यास, त्यांनी येथे येऊन विहिरीवरून आमच्या आळीपर्यंत एक घागर वाहून दाखवावी.

आजी बरी आहे. आमचा जीव तुझ्याकडे लागलेला असतो, हे कागदावर लिहावे लागू नये.

मानसिंग

ता. क. आज सकाळी बजाबाईने विहिरीवरून, श्रीमंताच्या दारासमोर, सगळ्यांदेखत मला हाक मारली की अवो नऊ नंबर, तुमच्या केळीला दोन घागरी घालू का. मी ओ दिली.