साखर नसलेली वडी

शुक्रवार, दुपारचे तीन

चि. ठमीस,

अनेक आशीर्वाद. माझी तब्येत ठीक आहे. पायाची जखम सुकली, डोळ्यांत थेंब घालतो आहे. शेजारच्या काकूंच्या पडद्यांचं काम कालच हातावेगळं केलं. सुईत दोरा मात्र आता चौथ्या खेपेला जातो. तुझ्या नव्या घरमालकाने कुत्रं ठेवू दिलं आणि तू रविवारी बटण्याला न्यायला येणार, हे मी गल्लीभर सांगून ठेवलं होतं.

रोज फोन होतो, मग म्हाताऱ्याला पत्राचं काय खूळ, असं तुला वाटेल. तुझा आवाज ऐकला की माझी जीभ भलतंच बोलून जाते. कुरियरवाला म्हणतो उद्या संध्याकाळपर्यंत पोचेल, म्हणजे तू निघायच्या आधी.

मंगळवारचं सांगतो. कोपऱ्यावरच्या केकवालीचे एप्रन मी शिवून दिले होते. तिने खूश होऊन केकमध्ये घालतात ती काळ्या चॉकलेटची वडी दिली. "काका, यात साखर नाही, तुम्हाला चालेल." दवाखान्यातून घरी आणलंस तेव्हा तुला दिलेला गोड न खाण्याचा शब्द माझ्या लक्षात होता. पण ही तर कडूजहर! कडू म्हणजे जवळपास औषधच, अशी मी स्वतःचीच वकिली केली आणि वडी मशीनच्या खणात, बॉबिनांच्या मागे लपवली. दुपारी एक तुकडा तोंडात टाकला तोच गिऱ्हाईक आलं. मापं घ्यायला उठलो, खण उघडाच राहिला. परत येतो तर बटण्या वडीचा चकचकीत कागद चाटत होता. वडी साफ.

खरं सांगू? मला हसू आलं. बरं झालं, पुरावा संपला म्हटलं. कागद चुरगाळून चिंध्यांत टाकला आणि बाही जोडायला बसलो.

पाचच्या सुमाराला तो धापा टाकायला लागला. ओकला. पाण्याचं भांडं तीनदा रिकामं केलं. एका जागी बसेना, नुसत्या येरझारा. तसाच उचलून तुझ्या शाळेतल्या मैत्रिणीकडे, तिच्या जनावरांच्या दवाखान्यात नेला. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "काका, याने काही खाल्लं का? औषध, चॉकलेट वगैरे?"

मी म्हणालो, "छे गं! माझ्या घरात गोडाचा कण सापडायचा नाही."

तिच्या कानावर गेलं की तुझ्या कानावर जाणार, एवढंच डोक्यात होतं. तिला उन्हाचा त्रास वाटला. तिने त्याला ओल्या टॉवेलात गुंडाळलं, सलाईन लावलं. तासाभराने त्याचे पाय थरथरायला लागले, तेव्हा माझं तोंड उघडलं.

"दुधाचं चॉकलेट की कडू?"

"कडू."

"अहो काका, जितकं कडू तितकं कुत्र्याला जास्त विषारी! आल्या आल्या बोलायचं ना!"

मग तिची धावपळ सुरू झाली. कोळशाचं औषध, झटके थांबवायला इंजेक्शन. यावर उतारा नाही म्हणाली, हृदयाने दम धरला तर वाचेल.

नाही धरला. बुधवारी सकाळी नऊला बटण्या गेला.

ती तेव्हाच तुला फोन लावत होती. मी हात जोडले, मीच सांगतो म्हणालो. "ती निघायच्या आत सांगा काका, नाहीतर मी सांगेन," एवढंच म्हणाली. बुधवारी तुझा फोन आला, मी हवापाण्यावर बोललो. काल तू म्हणालीस, "बाबा, फोन त्याच्या कानाशी धर." मी तो त्याच्या रिकाम्या गादीशी धरला. तू हाका मारत होतीस, त्या मला वाकल्या वाकल्या ऐकू येत होत्या. मग फोन कानाला लावून मी म्हणालो, शेपटी हलवतोय.

ठमे, माफी मागायचं तोंड मला नाही. तू सगळ्यात आधी विचारशील, त्याला त्रास झाला का? झोपेतच गेला, असं लिहिता आलं असतं. दोनदा लिहून खोडलं.

झाला. खूप झाला. अंग ताठ होत होतं आणि जरा सैल पडलं की तो मान वळवून मलाच शोधत होता. मी स्टुलावर बसून होतो.

बाबा