ऑप्शनला टाकलेला धडा

१ सप्टेंबर, सोमवार. दुपारी ४
नवी डायरी. नवं आयुष्य. हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर ज्येष्ठांसाठी वेगळा वॉर्ड उघडतोय. मेट्रन मॅडमनी आज आम्हा सगळ्या नर्सिंग स्टाफसमोर सांगितलं की वृद्ध-परिचर्येचं सर्टिफिकेट ज्याच्याकडे असेल, तोच तिथला इन्चार्ज. हे बोलताना त्या माझ्याकडे बघत होत्या. माझ्या मागे भिंतीवर घड्याळ होतं हे खरं, पण घड्याळाकडे कोणी इतक्या आशेनं बघत नाही.

परीक्षा नोव्हेंबरात. लेखी पेपर कॉम्प्युटरवर. प्रॅक्टिकलला एका ज्येष्ठ व्यक्तीची रोज तपासणी करून नोंदी ठेवायच्या आणि शेवटी त्या व्यक्तीला घेऊन परीक्षकांसमोर बसायचं. बाकीचे केस शोधत हिंडतील. माझी केस घरात पलंगावर बसून पेपर वाचतेय. अण्णा, म्हणजे माझे वडील. वय चौऱ्याहत्तर. एकलहऱ्याच्या पॉवर स्टेशनमधून रिटायर. आई गेल्यापासून बोलणं कमी झालंय, पण बीपीची गोळी सोडली तर ठणठणीत.

उद्यापासून पहाटे पाचला अभ्यास. यात बदल नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी ९.४०
अलार्मनं दगा दिला. वाजला म्हणे. अंजली म्हणाली की तो वाजला, मी बंद केला आणि उजव्या कुशीवर वळलो. बायकोनं अशा वेळी अलार्मची बाजू घ्यावी याचं वाईट वाटलं. ती शाळेत शिकवते, त्यामुळे तिला सगळीकडे नापास मुलं दिसतात.

५ सप्टेंबर, शुक्रवार
पुस्तक आलं. जाड आहे. पिवळा, गुलाबी, हिरवा असे हायलायटर आणले. झोप, औषधं, आहार, पडणं असे धडे आहेत. सगळ्यात लांबलचक धडा स्मृतिभ्रंशाचा. आपल्या केसला लागू नाही. ऑप्शनला टाकला. दहावीला भूमितीची प्रमेयं ऑप्शनला टाकून फर्स्ट क्लास काढलेला माणूस आहे मी.

पुस्तकाच्या मागे स्मरणशक्तीची एक छोटी चाचणी मात्र आहे. तीन शब्द सांगायचे, पाच मिनिटं इकडचं तिकडचं बोलायचं, मग तेच शब्द विचारायचे. धडा न वाचता जमण्यासारखी. अण्णांना शब्द दिले: सायकल, डाळिंब, कुलूप. पाच मिनिटांनी अण्णा सायकल म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. पहिल्या दिवसाचं टेन्शन. त्यांना समजावलं की याचे मार्क त्यांना नाही, मला मिळणार आहेत. ते एकदम गंभीर झाले. माझ्या मार्कांच्या बाबतीत ते पहिल्यापासून असेच. दहावीच्या वर्षी मला अभ्यासाला बसवता यावं म्हणून त्यांनी साहेबांच्या मागे लागून दिवसपाळी मागून घेतली होती.

१४ सप्टेंबर, रविवार
अण्णांची प्रगती थक्क करणारी. आज तिन्ही शब्द. तेही मी चाचणी सुरू करायच्या आधी, चहाचा कप हातात देतानाच. याचं श्रेय परिचर्येला. स्मरणशक्ती: उत्तम. यावर एक लेख लिहावा लागेल. लेखाचं नाव ठरवण्यात दुपार गेली, त्यामुळे वाचन झालं नाही.

अण्णा सकाळची बुद्धवंदनाही हल्ली बराच वेळ म्हणतात. हात जोडून पुटपुटत असतात. मानसिक शांतता: उत्तम.

२२ सप्टेंबर, सोमवार
भाग्यश्री सिस्टरनंही परीक्षेचा फॉर्म भरलाय. आमच्याच वॉर्डात आहे, एकलहऱ्याहून स्कूटीवर येते. वयानं लहान, अनुभवानं त्याहून लहान. तिच्या शेजारच्या कलाबाई तिची केस. मी मार्गदर्शन करायचं मोठ्या मनानं कबूल केलं. आज तिनं विचारलं की विसरणाऱ्या पेशंटची खोली का बदलायची नाही. मी म्हटलं, तो भाग मी नंतर घेणार आहे.

घरी अंजलीची तक्रार. अण्णा बाजारात जाऊन कोथिंबीर आणतात, तासाभरानं पुन्हा जाऊन पुन्हा कोथिंबीर आणतात. आज तीन जुड्या. ती म्हणाली, अहो, हे बरं लक्षण नाही, त्यांना आधीची आणलेली आठवतच नाही. मी तिला शांतपणे सांगितलं की नाशिकसारखी कोथिंबीर जगात नाही आणि ज्येष्ठांनी हिरवं खाल्लंच पाहिजे. आहार: उत्तम. रात्री जेवायला कोथिंबीर वडी. कालही होती.

२८ सप्टेंबर, रविवार
घराची सुरक्षा तपासणी. पायपुसणी काढली. अण्णांचा पलंग खिडकीजवळून दाराजवळ. कपाट पलंगाच्या जागी. फरशीवर पिवळ्या पट्ट्या. अंजली म्हणाली की त्यांना सवयीचं होतं ते राहू द्यायचं. तिला आधुनिक परिचर्या माहीत नाही.

संध्याकाळी अण्णा बाथरूमला म्हणून उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्यासमोर उभे राहिले. भूक लागली असणार. भूक: उत्तम.

पट्टीच्या सुटलेल्या टोकात पाय अडकून मी पडलो. गुडघा सुजला. याची नोंद केली नाही, कारण केस मी नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार. विजयादशमी
अण्णा पांढरा शर्ट घालून विहारात गेले. दुपारी परत आले ते भाग्यश्रीच्या स्कूटीवर. ती म्हणाली की वाटेत भेटले. वाट एकलहऱ्याची. विहार उलट बाजूला आहे. मी अण्णांना विचारलं तर म्हणाले, काही नाय रे, जरा फिरून आलो.

भाग्यश्री फाटकाशी थांबून म्हणाली, ब्रदर, अण्णांबद्दल थोडं बोलायचं होतं. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कलाबाई मुलीकडे पेठला निघून गेल्यात, हे कालच वॉर्डात कळलं होतं. म्हणजे हिला केस नाही. म्हणजे हिचा डोळा माझ्या केसवर. मी म्हटलं, परीक्षेनंतर बोलू. फाटक लावून घेतलं. इतकं शिकवून हे फळ.

९ ऑक्टोबर, गुरुवार
अण्णांच्या फोनमध्ये भाग्यश्रीचे कॉल. एक नाही, बरेच. मी सरळ विचारलं की तिचं तुमच्याकडे काय काम. अण्णा म्हणाले, तू अभ्यास कर, इकडं लक्ष नको देऊ. ज्या बापाला मी रोज परिचर्या पुरवतो, तो विरोधी पार्टीशी फोनवर बोलतो आणि वर मलाच अभ्यासाला बसवतो. छातीत काहीतरी तुटल्यासारखं झालं. बीपी घेतलं, नॉर्मल निघालं. मशीनलाही माझं दुःख कळत नाही.

आजपासून भाग्यश्रीचं मार्गदर्शन बंद. तसं तिला सांगितलं. ती बरं म्हणाली. एवढंच. पुढे म्हणाली की ब्रदर, अण्णांना एकदा मेमरी क्लिनिकला दाखवा. मी म्हटलं, आमचे अण्णा तुझ्यापेक्षा हुशार आहेत, तीनपैकी तीन सांगतात.

२१ ऑक्टोबर, मंगळवार
दिवाळी. अभ्यासाला रीतसर सुट्टी. आधीचे दिवस सुट्टी नव्हती, पण दिवाळीची तयारी चालू होती.

नव्या वॉर्डात जाऊन इन्चार्जच्या खुर्चीवर बसून बघितलं. थोडी उंच आहे. वॉर्डबॉय वाल्मीकला म्हटलं की महिन्याभरात जरा बुटकी करून ठेव. त्यानं कोणासाठी असं विचारलं. या माणसाच्या मुलीचं नाव मी नर्सरीत घालून दिलं होतं.

४ नोव्हेंबर, मंगळवार
अंजलीशी भांडण. तिनं भाग्यश्रीला परस्पर फोन केला आणि दोघींनी मिळून अण्णांसाठी डॉक्टरांची वेळ घेतली. मी रद्द केली. परीक्षा तोंडावर असताना केसवर कोणतंही लेबल लागलं की माझ्या सगळ्या नोंदी खोट्या ठरतात, एवढं साधं कळत नाही. अंजली म्हणाली, केस केस काय करताय, बाप आहे तो. तेवढ्यात अण्णा मध्ये पडले. म्हणाले, सूनबाई, पेपर होऊ दे त्याचा, मग कुठं न्यायचं तिथं न्या.

शेवटी माझ्या बाजूनं कोणीतरी बोललं. गहिवरून आलं. तरी तिघांचं काहीतरी शिजतंय, असं वाटत राहतं. मी खोलीत गेलो की बोलणं थांबतं.

१६ नोव्हेंबर, रविवार
लेखी पेपर. पेपर काढणाऱ्यानं पाठीत सुरा खुपसला. स्मृतिभ्रंश, स्मृतिभ्रंश आणि पुन्हा स्मृतिभ्रंश. झोपेचा धडा माझा तोंडपाठ होता, त्यावर एकच प्रश्न. उत्तरं अनुभवाच्या जोरावर ठोकली. भाग्यश्री शेजारच्या रांगेत होती. घाईत लिहीत होती, म्हणजे गोंधळली असणार.

हरकत नाही. प्रॅक्टिकल माझं आहे. हुकमी केस.

२३ नोव्हेंबर, रविवार
प्रॅक्टिकल. शांत डोक्यानं लिहितोय.

अण्णांना इस्त्रीचा शर्ट घातला. रिक्षात शब्दांची उजळणी घेतली. चोख. परीक्षक मॅडम वयस्कर, गोड बोलणाऱ्या. त्यांनी माझ्या नोंदी चाळल्या. सगळीकडे उत्तम, उत्तम. मग म्हणाल्या, काका, आता मी तीन शब्द सांगते. आंबा, खुर्ची, पाऊस.

मी अस्वस्थ झालो. हे ठरलेलं नव्हतं.

मग त्यांनी गप्पा मारल्या. सकाळी काय करता, असं विचारलं. अण्णा म्हणाले, ड्युटीला जातो, एकलहऱ्याला. बस चुकली की एक सिस्टर आहे आमची, ती सोडते घरी. मॅडमनी कोणता महिना चालू आहे असं विचारलं. अण्णांनी बराच विचार केला आणि म्हणाले, पोराच्या परीक्षेचा.

मग त्यांनी शब्द विचारले. अण्णा ताठ बसले, शर्ट नीट केला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, सायकल, डाळिंब, कुलूप. मॅडम म्हणाल्या, ते नाही काका, मी आत्ता सांगितलेले. अण्णांनी पुन्हा तेच सांगितले. आणि माझ्याकडे बघितलं, बरोबर आलं का म्हणून.

मॅडमनी मला विचारलं की रोज हेच शब्द घेत होतात का. मी म्हटलं, हो, सातत्य महत्त्वाचं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग एवढंच म्हणाल्या की ब्रदर, यांना याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या.

बाहेर बाकावर भाग्यश्री आणि अंजली. तिथं मला सगळं सांगण्यात आलं. अण्णा अधूनमधून प्लँटच्या गेटवर जाऊन शिफ्टच्या बसची वाट बघत उभे राहायचे. वॉचमन त्यांच्या जुन्या ओळखीचा, तो तिथेच राहणाऱ्या भाग्यश्रीला फोन करायचा. अण्णांना स्वतःला समजत होतं की काहीतरी निसटतंय. त्यांनी तिला गळ घातली होती की पोराला सांगू नको, त्याची केस खराब होईल. तरी ती सांगायला आली आणि मी फाटक लावलं. अंजली म्हणाली, ते सकाळी वंदना झाल्यावर हात जोडून तेच तीन शब्द घोकायचे. तुमच्या मार्कांसाठी.

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. वॉचमनलासुद्धा. घरात नर्स मी, आणि मलाच कोणी सांगितलं नाही. इतका मोठा विश्वासघात माझ्याशी आजवर कोणी केला नव्हता. यात सर्वांत पुढे अण्णा.

हे लिहिलं आणि पुन्हा वाचलं. बरोबर वाटत नाही. पण खोडणार नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार
निकाल. दोन्हीत नापास. भाग्यश्री पास, तिनं कलाबाईंऐवजी ऐनवेळी वॉर्डातल्या एका आजोबांची केस घेतली होती. इन्चार्ज तीच. मेट्रन मॅडम म्हणाल्या की पुढच्या वर्षी पुन्हा बसा. त्या दिवशी खरंच घड्याळाकडे बघत होत्या.

डॉक्टर म्हणाले की गोळ्या सुरू करू, पण तीन महिने आधी आला असतात तर बरं झालं असतं. भाग्यश्री बरोबर आली होती. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

१४ डिसेंबर, रविवार
ऑप्शनला टाकलेला धडा उघडला. पहिल्याच पानावर लिहिलंय की अशा माणसाची खोली बदलू नये. हायलायटर शोधला. तिन्ही वाळलेत.

पलंग पुन्हा खिडकीजवळ लावला. पट्ट्या खरवडून काढल्या, अंजलीनं हात लावला. अण्णा पलंगावर बसले, बाहेर बघितलं, त्यांना बरं वाटलेलं दिसलं. मी शेजारी बसलो. काही विचारलं नव्हतं, तरी ते ताठ बसले आणि म्हणाले, सायकल, डाळिंब, कुलूप. मग हळूच विचारलं, किती मिळाले रे?

मी म्हटलं, पैकीच्या पैकी.

खूश झाले. माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाले, मग झाला ना तू इन्चार्ज. मी हो म्हटलं.

पाच मिनिटांनी त्यांनी पुन्हा विचारलं, किती मिळाले. मी पुन्हा सांगितलं.