संगणकाने तिसऱ्यांदा विचारलं नाही

प्रिय सिग्ने मावशीस,

मार्लिसचा मिनेसोटातून, दोन स्वेटरांच्या आतून, प्रेमाचा नमस्कार. ॲरिझोनाच्या उन्हात तुझे गुडघे आता कुरकुरत नसतील अशी आशा आहे. आमचं सगळं ठीक. ऑर्व्हल म्हणतो, "वाईट नाही." (लग्नाच्या दिवशीही तो एवढंच म्हणाला होता, तेव्हा आनंदीआनंद आहे असं समज.) तळं गोठलंय. तो दिवसभर बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसतो, आणि मासा लागला की उलट त्याची तंद्री मोडते.

मी या वयात पदवी घ्यायला निघालेय हे तुला कळलं असेलच. (आईने कुणाला सांगायचं ठेवलंय!) आमच्या शाळेत हळू शिकणाऱ्या मुलांचा वर्ग आहे ना, जिथे मी इतकी वर्षं मदतनीस आहे, त्या वर्गाच्या बाई उन्हाळ्यात निवृत्त होतायत. मुख्याध्यापिका म्हणाल्या, वर्ग तुलाच देते, पण तोपर्यंत पदवी हवी. नाहीतर वर्ग बंद, आणि मुलं बसने पार दुसऱ्या गावच्या शाळेत. मावशी, आमची एमेलिन मी माझ्या कोटाची चेन उघडल्याशिवाय स्वतःचा कोट काढत नाही. तिकडे हे कोणाला माहीत असणार? दिवसभर घामाघूम होऊन बसेल पोर. म्हणून मी हो म्हटलं. (तिसऱ्या वेळेला.)

लग्नाआधी कॉलेज बरंचसं झालं होतं, थोडे विषय राहिले होते. कॉलेजातला सल्लागार भला माणूस. म्हणाला, जे तुम्हाला आधीच येतं त्यासाठी वर्गात कशाला बसता? संगणकावर परीक्षा द्या, पास झालात की क्रेडिट जमा. सुरुवात येणाऱ्या विषयापासून करा. घरी येऊन ऑर्व्हलला विचारलं, मला काय येतं रे? त्याने खूप विचार केला (मध्ये जेवण झालं) आणि म्हणाला, "मुलं सांभाळता येतात. आणि माझी आई." त्याच्या आईवर परीक्षा घेत नाहीत, नाहीतर सगळी पदवी तेवढ्यावरच निघाली असती. म्हणून बालमानसशास्त्र घेतलं. सरावाच्या पुस्तकात प्रश्न होता, दोन वर्षांच्या मुलाने ताटली फेकली तर आई काय करेल? चार उत्तरं दिली होती. आधी ताटली कुत्र्याला लागली का ते बघेल, हे त्यात नव्हतंच! पुस्तक लिहिणाऱ्याकडे बहुधा कुत्रा नसावा, किंवा मूल तरी.

परीक्षेला जाताना चॉकलेटच्या वड्यांचा ट्रे नेला. आता कुणाकडे रिकाम्या हाताने कसं जायचं? पण तिथल्या बाईंनी माझे खिसे उलटे करायला लावले, बाह्या वर करायला लावल्या आणि ट्रेकडे असं बघितलं की जणू मी लाच घेऊन आलेय. ट्रे बाहेर कपाटात कुलपात, मी आत. पेपर मात्र मावशी, छान गेला! निम्म्या प्रश्नांत मला आमच्याच वर्गातली पोरं दिसत होती. वेळ उरला म्हणून दोनदा तपासला. आणि मग शेवटी पडद्यावर आलं, तुमचे गुण बघून नोंदवायचे का, की परीक्षा रद्द करायची?

आता आपल्याकडची रीत तुला काय सांगायची. कॉफी विचारली की पहिल्यांदा नको, कशाला उगाच त्रास. दुसऱ्यांदाही नकोच. तिसऱ्यांदा अर्धा कप चालेल, आणि मग किटली रिकामी करून उठायचं. हात आपोआपच गेला गं, रद्द करण्यावर. पडद्याने विचारलं, नक्की? मला वाटलं, आहे बुवा यंत्रालाही वळण, आग्रह करतंय! मी नम्रपणे "नक्की" दाबलं आणि तिसऱ्याची वाट बघत बसले. तिसरा आलाच नाही. पडदा म्हणाला, धन्यवाद. पेपर गेला, गुण गेले. आता तो विषय पुन्हा द्यायचा तर तीन महिने थांबायचं.

ऑर्व्हलला गाडीत सगळं सांगितलं. त्याने धान्याची कोठारं मागे टाकली. मग म्हणाला, "मार्लिस, तो शिष्टाचार नव्हता. तू घाबरलीस." मी म्हटलं, तू तुझे मासे बघ! आणि मग अशी रडले की सांगायची सोय नाही. त्याने रुमाल पुढे केला. (माशांचा वास मारणारा.) मी नको म्हटलं. घेईपर्यंत तो तसाच हात पुढे धरून गाडी चालवत राहिला. असा नवरा आहे मावशी, वाईट नाही.

फेब्रुवारीत पुढचा पेपर, इतिहासाचा. तोही असाच घालवला तर उन्हाळ्यापर्यंत काही जमत नाही, आणि वर्ग गेलाच म्हणून समज. असो. तब्येतीला जप.

तुझी,
मार्लिस

ता. क. फेब्रुवारीतल्या पेपरला परीक्षेच्या दाराबाहेर आपलं कुणी बसलेलं असलं तर बरं, असं उगाच मनात आलं. ऑर्व्हल बसेल, पण तो घोरतो. तुझं नाव सहज आठवलं, एवढंच.

आणखी एक ता. क. छे छे, तू कशाला येतेस! इथली थंडी, तुझे गुडघे, विमानाची दगदग. अजिबात मनावर घेऊ नकोस. वरच्या खोलीत हीटर बसवून घेतलाय आणि जाड दुलई काढलीय, पण ते आपलं असंच.

शेवटचा ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते फोडलं. काय लिहिलं ते ऑर्व्हलला वाचून दाखवलं. तो म्हणाला, मावशी तिकडे राहून सरळ बोलणाऱ्यांतली झालीय, तिला खरंच वाटेल तू नको म्हणतेयस. तेव्हा वरचे दोन्ही ता. क. सोडून दे. मावशी, मला फार भीती वाटते. ये.