चाळीस दिवसांची बरणी

राजापेठ, अमरावती
ता. २ मार्च, सोमवार

सौ. प्रतीक्षावहिनी यांसी,
सा. न. वि. वि. म्हणजे नेमकं काय ते मले अजून बी येत नाही, पण मोठ्यांले लिवाचं असते असं तुमी म्हटलं होतं म्हणून लिवलं. मी मजेत. तिकडे अकोल्यात तुमच्या माहेरी भगवंतकाका, काकू, तुमची गाय, सगळे खुशाल असतीन.

तुमचा फोन बंद येते. परवा दहावीचा मराठीचा पेपर झाला, माह्या तिसऱ्या खेपेचा. त्यात पत्रच आलं होतं. मुख्याध्यापकाले झाडं मांगा म्हणे. म्या दोनशे कडुनिंब मांगतले. बाहेर आल्यावर वाटलं, त्या ओळख ना पाळख माणसाले पान भरून लिवलं, अन् जिनं चुलीपाशी बसवून लिवाले शिकवलं तिले एक ओळ नाही. म्हणून हे.

बातम्या लय आहेत. आपल्या नारळाच्या गाडीसमोर ट्युशनवाल्यानं पोरांच्या मार्कांचं मोठं बॅनर लावलं. म्या त्यातल्या एका पोट्ट्याच्या तोंडावर माहा पासपोर्ट फोटो चिकटवला. ९७ टक्के! तीन दिवस कोणाच्या ध्यानात आलं नाही. चौथ्या दिवशी खालच्या मैनाकाकू पेढा मांगाले आल्या. म्या देला बी. तुमी असत्या तं कान पकडून बॅनरपाशी नेलं असतं मले. कोणी नेलं नाही. फोटो अजून तेथीच आहे, उन्हानं पांढरा पडून राहिला.

मैनाकाकूची रागिणी सासरी नांदते. आई-बाबा अंजनगावले वावरातच आहेत, भाजीचं चालू आहे.

दादा बरा आहे.

सैपाक आमी आळीपाळीनं करतो. त्याच्या पाळीले खिचडी, माह्या पाळीले खिचडी. जेवताना घरात फक्त फ्रीज बोलते. परवा म्या मुद्दाम खिचडीत मीठ टाकलंच नाही, म्हटलं दादा कायतरी म्हणीन, शिवी तरी देईन. त्यानं पूर्ण खाल्ली अन् ताट धुवून ठेवलं.

मंगळवारी कर्नाटकातून नवीन माल उतरला. चार वर्षं नारळ विकून बी मले एवढंच समजत होतं का हिरवा दिसला का ताजा. तुमी नारळपाणी आंबवून सिरका घालाले गाडीवर नारळ निवडाले याच्या तवा पह्यलंदा समजलं का देठाची टोपी अंगठ्यानं दाबून पाह्याची, सुटली तं नारळ म्हातारा. खालच्या बाजूनं ओला डाग असला तं तो आतून चिरलेला. अन् मंग कानाशी. तुमच्या शेजारच्या केरळवाल्या नर्सबाईनं तुमाले शिकवलं, तुमी मले. पेच असा का मी शिकलो तं शिकलो, पण इचाराले कोणी नाही.

म्हणून देवमनच्या भाजीच्या टेम्पोत दोन नारळ पाठवून राहिलो. एकावर अ लिवलं आहे, एकावर ब. कोणता सिरक्याले चालन अन् कोणता उकिरड्याले, तेवढं ओळखून कळवा. चूक निघालं तं मी तुमाले दहावीत बसवीन.

तुमची मोठी बरणी मोरीपाशी उलटीच आहे. सरळ कोणी केली नाही.

तुमचा लाडका दीर,
सागर (परीक्षार्थी, कायमचा)


राजापेठ
ता. १६ मार्च

वहिनी,
नमस्कार.

देवमननं दोन्ही नारळ परत आणून देले. अ तसाच, ब तसाच. देठाले नख बी लागलेलं नाही.

म्या म्हटलं, "काय म्हणे वहिनी?"

तं म्हणे, "ताई म्हणे, सागरभाऊले सांगा, मले आता कळत नाही."

टेम्पो गेला तरी मी हातात दोन नारळ घेऊन तेथीच. एक बाई म्हणे मलाईवाला दे, म्या तिले पाणीवाला फोडून देला. दोनदा बोलली ते मले, ऐकूच आलं नाही.

तुमाले कळते, वहिनी. तवा बी कळलंच होतं. आता लिवतो अन् खोडत नाही.

रागिणीच्या लग्नाच्या पंगतीत सिरक्यातला कांदा पायजे, असा मैनाकाकूचा हट्ट होता. डिसेंबरात, त्या रविवारी, तुमी गाडीवर आल्या. एकएक नारळ कानाशी धरून हालवला. पंधरातले तीन बाजूले काढले. मी गिऱ्हाइकांसमोर म्हटलं, "वहिनी, नारळ आहे का मोबाईल आहे?"

तुमी माह्याकडे पाह्यलं बी नाही. म्हणे, "सागरभाऊ, भरलेला असन तं तो बोलणार नाही. जो खळखळला तो रिकामा होऊन राहिला."

अन् ते तीन फोडून दाखवले. एकाचं पाणी गढूळ, एकाचं गुलाबी, अन् तिसऱ्याचं जिभीवर चुरचुरणारं. एक पोट्टा म्हणे, "भाऊ, गाडी वहिनीच्या नावानं करून टाक." सगळे हासले. मी बी हासलो. पण लागलं मले. रोज मी लोकांची उडवतो वहिनी, माही कोणी उडवली तं मले पचत नाही.

मंग घरी तुमी बारा नारळाचं पाणी स्टीलच्या गंजात गाळून ठेवलं, वर ताट झाकलं. तितक्यात खालून मैनाकाकूची हाक आली, "प्रतीक्षा, ये व माय, लिंबाच्या लोणच्याले हात लावून जाय!" सगळ्या गल्लीत लोणचं कोणाचं बी असो, मीठ तुमच्या हातानं पडाचं. तुमच्या हाताले गुण आहे म्हणत. ज्या बरणीले तुमचा हात लागला ते बरणी वर्षभर बुरशीले ओळखत नाही म्हणत.

तुमी खाली गेल्या अन् म्या गंजातलं पाणी बदललं.

गाडीवरच्या कॅनमधी आदल्या दिवशीच्या फुटक्या नारळाचं पाणी होतं. उन्हात राहिलेलं, फेकाचं होतं. ते गंजात ओतलं अन् तुमचं ताजं कॅनमधी. मले वाटलं, वर आल्यावर तुमी ताट काढसान, वास घेसान, नाक मुरडसान, अन् मी म्हणीन, "काहून वहिनी, आज कान बंद आहे काय?" एवढंच होतं. पाच मिनिटाची गंमत.

तुमी वास घेतलाच नाही. घाईत आल्या, साखर हालवली, जुन्या बाटलीतल्या सिरक्याची साय विरजणासारखी चमचाभर सोडली, मोठ्या बरणीत ओतलं, कापड बांधलं. ज्या नारळाची पारख सोता केली त्याचा वास तुमी दुसऱ्यांदा कशाले घेसान? घरात मी होतो, चोर थोडी होता.

मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तुमी म्हटलं, "आता चाळीस दिवस कोणी कापड सोडाचं नाही बरं, सागरभाऊ." दहावी नापास पोट्ट्याले भाऊ म्हणणारी तुमी एकटीच. मी म्हटलं, हाव.

याच्या पुढचं जास्त वाईट आहे. दहाव्या दिवशीच मले वास आला होता. सिरक्याचा वास नाकात चढते, हा घशात उतरत होता. तुमाले सर्दी होती. तवा सांगतलं असतं तं नवीन पाणी भरून तीस दिवस भेटले असते. नाही सांगतलं. काहून, तं तुमी दोन दिवस माह्याशी बोलल्या नसत्या म्हणून.

आता पाच आठवडे झाले, तुमी बोलल्याच नाही.

लग्नाच्या दोन दिवस आधी सगळ्या बायांसमोर तुमी कापड सोडलं. वरून गुलाबी, खाली काळं. मैनाकाकू म्हणे, "अवं माय! लग्नाच्या घरी हे काय व? गुण उतरला काय पोरी तुह्या हाताचा?" अन् दादा नेमका तवाच कोयता घ्याले वर आला. दिवसभर उन्हात उभा होता, गिऱ्हाइकाशी भांडून आलता, हे सगळं खरं. पण तो बोलला.

"तुह्या हातून काही टिकतच नाही."

तो बरणीबद्दल बोलला नाही, हे तेथी असलेल्या सगळ्यांले समजलं. मागच्या श्रावणात दवाखान्यातून तुमी दोघं रिक्षातून उतरले, अन् आईनं विणलेलं टोपडं पिशवीतच राहिलं, ते मले बी माईत आहे. त्या दिवसापासून घरात कोणी त्याचं नाव काढलं नव्हतं. काढलं तं असं काढलं.

मी दारात उभा होतो वहिनी. माह्या तोंडात "पाणी म्या बदललं" एवढे तीन शब्द होते. ते म्या गिळले.

तुमी एक अक्षर बोलल्या नाही. बरणी नेली, राखेनं घासली, उलटी ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं गेल्या. तवा समजलं मले भरलेलं कसं गप असते.

दादाले हे अजून माईत नाही. सांगणार आहे. भेव लागते, पण सांगणार आहे. जवापर्यंत सांगत नाही तवापर्यंत तुमाले पत्र लिवणार नाही. म्हणजे पुढचं पत्र आलं तं समजा सांगतलं. नाही आलं तं समजा तुमचा दीर भेकड निघाला, अन् नारळासारखा फेकून द्या.

सागर


राजापेठ
ता. २५ मार्च

वहिनी,
नमस्कार.

पत्र आलं, म्हणजे समजलं असन.

परवा दुपारी गाडीवर कोणी नव्हतं. मी मार खाची तयारी करून गेलो होतो, हेल्मेट घालून. सगळं सांगतलं, कॅन, दहावा दिवस, सगळं. दादाचा कोयता अर्ध्या नारळात तसाच राहिला.

म्हणे, "ते डोक्यावरचं काढ."

म्या काढलं. डोळे मिटले. काहीच झालं नाही. डोळे उघडले तं तो फळीवर बसलेला.

"पाणी तुहं होतं," म्हणे. "अन् बोलणं कोणाचं होतं?"

वहिनी, त्यानं मले मारलं असतं तं बरं झालं असतं. म्या म्हटलं, "दादा, माह्या पाण्यामुळंच तं तू बोलला." तं म्हणे, "नाही रे. ते माह्यात पह्यलेच सडून राहिलतं. तू फक्त कापड सोडलं." अन् मंग फळीवर बसून रडला, भर राजापेठेत. ट्युशनचे पोट्टे सुटले होते. एकानं इचारलं, "काय झालं भाऊ?" म्या म्हटलं, नारळाचं पाणी डोळ्यात उडालं. बस, त्या दिवशीचा एवढाच खोटेपणा केला.

घरी येऊन त्यानं तुमची बरणी सरळ केली. पाह्यलं तिच्यात. परत उलटी ठेवली. म्हणे, "तिनं ठेवली, तिलेच सरळ करू दे."

मैनाकाकूले बी सांगतलं, गल्लीतल्या पाच बाया बसल्या असताना. काकू झाडू घेऊन जिन्यापर्यंत मांगं लागल्या. मंग दारातच बसल्या अन् म्हणे, "माह्या जिभीले काय झालं होतं रे? तिले म्हणा, आता कैऱ्या येतीन. तिनं मीठ टाकल्याशिवाय मी लोणचं घालणार नाही. नसन आली तं वर्षभर बिनलोणच्याची जेवीन." काकू अन् बिनलोणच्याची! पाह्यसान तुमी, आठ दिवसात वाळून जातीन.

पाडव्याले गुढीले तुमची हिरवी साडी नेसवली. निऱ्या दोघांले बी जमल्या नाही.

आता पत्रासंग आलेल्या ह्या बाटलीचं सांगतो. तुमी गेल्या त्याच्या चार-पाच दिवसानं फळीवरची जुनी बाटली दिसली, तिच्यात सिरक्याची साय तरंगत होती. तुमच्या हातची, मागच्या वर्षीची. म्या सहा नारळ घेतले. माल कोणत्या दिवशी उतरला ते इचारलं, देठ दाबले, कानाशी धरले. दोन खळखळले, ते सोडले. फोडल्यावर एकएकाचा वास घेतला, एकएक थेंब चाखला, अन् अर्ध्या तासात दुसऱ्या लहान बरणीत भरलं. मंग साखर अन् तुमची साय. कापड बांधलं अन् खडूनं तारीख लिवली. दादा रोज बरणीकडे पाहे, पण इचारे नाही. चाळीस दिवस म्या त्या कापडाले हात लावला नाही. माह्या जिंदगीत एवढे दिवस मी कशालेच हात लावल्याशिवाय राह्यलो नाही.

काल सोडलं. नाकात चढलं. दादाले ठसका लागला अन् तो ठसकत ठसकत हासला. दीड महिन्यात पह्यलंदा.

हे पत्र अन् बाटली देवमन आणून देणार नाही. दादा सोता आला आहे, टेम्पोत कांद्याच्या पोत्यावर बसून. तुमी हे वाचून राहिल्या तवा तो फाटकापाशी उभा असन. म्या त्याले इचारलं, तुह्याकडून काय लिवू? तो अर्धा घंटा बसला, पेनाकडे पाहत. मंग म्हणे, "लिव, तुले न्याले आलो नाही. जे बोललो ते वापस घ्याले आलो. वापस होत नसन तं फाटकातूनच जातो."

दार उघडा, नका उघडू, ते तुमच्यावर. पण पह्यले बाटली उघडा. यावेळी वास घ्या. माह्यावर भरोसा ठेवू नका, नाकावर ठेवा. अन् मंग अ नारळ अन् ब नारळ पाहा, दादाच्या पिशवीत आहेत, उत्तर मले अजून भेटलं नाही.

तुमचा हात जसा होता तसाच आहे, वहिनी. साय तुमची होती. माह्यासारख्याच्या हाती बी ती टिकली.

तुमचाच, खळखळ वाजणारा,
सागर