ओळीतला तिसरा

दि. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्याविरुद्ध तक्रार गुदरावी लागते आहे, याचा खेद वाटतो. तू विणून धाडलेल्या स्वेटरची डावी बाही मनगटाशी थांबते आणि उजवी बोटांच्या पेरांपर्यंत येते. मी फळ्यावर लिहितो आणि माझीच बाही मागून ते पुसत येते. ग्रंथात असं वेडंवाकडं रूप आलं तर त्याला आर्ष म्हणतात, ऋषींनी केलं म्हणून सोडून देतात. पण तू ऋषी नाहीस, सेवानिवृत्त मेट्रन आहेस.

आता वाईट बातमी. समोरच्या दुकानातला घड्याळजी गेला. दिवेलागणीला कुणीतरी दुकानात शिरून त्याला भोसकलं. दोन दिवस इस्पितळात होता. मी गॅलरीत वह्या तपासत बसलो होतो. आरडाओरडा ऐकून मान वर केली, तर एक माणूस दारात आला, दिव्याखाली थबकला, वर पाहिलं आणि पळाला. एवढंच पाहिलं.

पोलिसांनी घड्याळजीच्या जुन्या कारागिराला पकडलं. आम्ही इथे राहायला येण्याआधीच त्याला भांडून काढलं होतं, त्यामुळे मी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. काल ओळखपरेड झाली. एकाच अंगलटीची सातआठ माणसं ओळीत उभी. दंडाधिकारी म्हणाले, सावकाश पाहा. मी ओळीवरून एकदा नजर फिरवली आणि तिसऱ्याच्या खांद्याला हात लावला. तो कारागीरच निघाला. बाहेर फौजदाराने चहा पाजला आणि म्हणाला, गुरुजी, तुमची नजर म्हणजे नजर. खोटं कशाला बोलू, पहिला नंबर आल्यासारखं वाटलं.

शिवाय घड्याळजीचा मृत्युपूर्व जबाब आहे. पेपरात छापून आला: माझ्या जुन्या कारागिराने पूर्ववैमनस्यातून माझ्यावर चाकूने वार केले. म्हणजे प्रत्यक्ष माझं आणि शब्द त्याचा, दोन्ही प्रमाणं एकाच माणसाकडे बोट दाखवतात. न्यायाला याहून काय हवं?

दुकानाला कुलूप आहे, पण आतली घड्याळं अजून चालू आहेत. आपापल्या वेळेला टोले देतात. तुझी भावजय खिडकी लावून घेते. लावली तरी ऐकू येतात.

लोभ आहेच. तो बाह्यांसारखा कमीजास्त होऊ देऊ नये.

तुझा,
पंडित


दि. १० फेब्रुवारी

चि. पंडितास,
अनेक आशीर्वाद.

बाह्या सारख्याच आहेत. तुझे हात मोजून घे.

घड्याळजीचं वाचून वाईट वाटलं. पण एक कोडं काही सुटत नाही. धाकटीच्या लग्नात तू माझ्या दिराला आचारी समजून भाजीत मीठ कमी आहे म्हणून दोनदा दटावलंस. माझ्या दिराला, ज्याच्या घरी तू महिनाभर पाहुणा होतास. तोच तू, कधी न पाहिलेला माणूस एका नजरेत ओळखतोस? त्याचं नाक कसं होतं? कपाळ? मला लिही. टोमणा मारत नाही, खरंच विचारते.

आणि मृत्युपूर्व जबाबाचं म्हणशील, तर सगळी नोकरी मी अशा खाटांच्या उशाशी काढली. मरता माणूस खोटं बोलत नाही असं कोर्ट मानतं. मीही मानते. एक बाई शेवटपर्यंत माझा हात धरून मला आई म्हणत होती. तीही खोटं बोलत नव्हती.

त्या इस्पितळात माझ्या हाताखाली शिकलेली एक मुलगी सिस्टर आहे. तिच्याकडे विचारपूस करते. तू थंडीत गॅलरीत बसत जाऊ नकोस. माझ्या भावजयीला सांग, याला आत ओढ.

आशीर्वाद आहेतच, मागायची गरज नाही.

ताई


दि. १९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या दिराने आचाऱ्यासारखा पंचा खांद्यावर टाकला होता, हे न्यायालयाने ध्यानात घ्यावं.

नाक आठवत नाही.

तुझं पत्र आल्यापासून आठवायचा प्रयत्न करत होतो. दिवा आठवतो, उघडं दार आठवतं, पांढरा सदरा आठवतो. चेहऱ्याच्या जागी चेहरा होता, एवढंच. मग काल वर्गात एक गोष्ट घडली. मी रूपं पाठ करायला दिली होती. कुणी केली नाहीत, असं मी कधी विचारत नाही, तुला ठाऊक आहे. बाकांवरून नजर फिरवतो, मान खाली घालेल त्याला उभं करतो. या विद्येबद्दल सगळी शाळा मला वचकून असते. काल खिडकीजवळच्या मुलीने मान खाली घातली. मी बोट उचललं आणि ते तसंच राहिलं.

ताई, त्या ओळीत सगळे समोर बघत होते. एकट्या तिसऱ्याने मान खाली घातली होती. मी चेहरा ओळखलाच नाही. गृहपाठ न केलेला तेवढा ओळखला.

त्या मुलीने रूपं घडाघडा म्हणून दाखवली. तिच्या चपलेचा अंगठा तुटला होता, तो बघत होती म्हणे.

आता मी फळ्याकडे तोंड करून प्रश्न विचारतो. मुलांना वाटतं, गुरुजी रागावलेत. समोरची घड्याळं एकेक करून थांबली. परवा शेवटचं थांबलं, आणि तेव्हापासून घरात जास्तच ऐकू येतं.

पण घड्याळजीने स्वतः नाव घेतलंय ना. माझा नेम आंधळा असला तरी लागला तो बरोबर जागी. सध्या या एका वाक्यावर माझी झोप टेकली आहे. ते काढून घेऊ नकोस.

माया असू दे.

पंडित


दि. २७ फेब्रुवारी

चि. पंडितास,
अनेक आशीर्वाद.

काढून घ्यावं लागतंय रे.

माझी सिस्टर त्या खाटेपाशीच होती. घड्याळजीने नाव घेतलं नाही. त्याच्या बायकोला कारागिराचा संशय होता, तो तिने आधीच सांगितला होता. मग त्याला विचारलं, तुमचा जुना कारागीर होता का. तो हो म्हणाला. पाणी हवं का, हो. फार दुखतंय का, हो. घरी जायचंय का, त्यालाही हो. डॉक्टरांनी तो शुद्धीवर असल्याचं लिहून दिलं आणि तेही खरंच होतं. कागदावर मात्र सगळी पुरी वाक्यं उतरली. पूर्ववैमनस्य हा शब्द त्याने जन्मात उच्चारला असेल का? गिऱ्हाइकालाही तो मानेनेच उत्तर देतो, असं तूच सांगायचास.

पोरीने मागाहून डॉक्टरांकडे शंका काढली, तर ते म्हणाले, असू दे, समोरच्या मास्तरांनी माणूस ओळखलाय. आणि मास्तर म्हणतात, घड्याळजीने नाव घेतलंय. दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे आहात आणि पाय कुणाचेच जमिनीला नाहीत.

कारागिराने केलंच नाही, असं मी म्हणत नाही. केलंही असेल. ते तुला ठाऊक नाही, एवढंच म्हणते. ही मुलगी विचारलं तर सांगेल. तू विचारायची वाट बघू नकोस. त्याचा जीव टांगलेला आहे, पंडिता.

जेवत जा. भावजयीने मला वेगळं पत्र टाकलंय, त्यामुळे जेवतो म्हणून मला लिहू नकोस.

ताई


दि. ८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घरात फितुरी माजली आहे, तिचा निवाडा नंतर करू. जेवतो, थोडं थोडं.

सरकारी वकिलांना जाऊन सगळं सांगितलं, तुझ्या सिस्टरचंही. ते शांतपणे म्हणाले की मान खाली घालणं हे अपराधाचंच लक्षण आहे, मी उगाच फाटे फोडू नयेत, पाहिलं तेवढं सांगावं. घड्याळजीची बायकोही जिना चढून आली होती. बसली नाही. तुझ्या भावजयीला म्हणाली, गुरुजींनी पाहिलं म्हणून बरं, नाहीतर माझं कुणी ऐकलं नसतं. मी आतल्या खोलीत होतो. बाहेर आलो नाही.

उद्या माझी साक्ष आहे. मी तिसऱ्याला कसा निवडला, ते न विचारता सांगणार आहे. वकील चिडतील. शाळेत हसतील. ती बाई पुन्हा आमच्या खिडकीकडे बघणार नाही. खुनी खरंच तोच असेल, तर माझ्यामुळे तो सुटेलही. यातलं काहीच सोपं नाही, पण एवढं मी कसंबसं पेलेन. इथेच लोभाची विनंती करून पत्र मिटणार होतो.

पण तुझ्यापासून काय लपवायचं. आता डोळे मिटले की दुकानाच्या दारात तिसराच उभा दिसतो. दिव्याखाली, पांढऱ्या सदऱ्यात, वर माझ्याकडे बघताना. रुंद कपाळ, बसकं नाक, ओठाजवळचा व्रणसुद्धा. आधी तिथे धूसर काहीतरी होतं, ते शोधतो आणि सापडत नाही. ओळीतला चेहरा कधी त्या दारात जाऊन उभा राहिला, मला कळलंच नाही. उद्या तो समोर असेल आणि मला विचारतील, हाच का. खोटं बोलेन याची भीती नाही, ताई. त्याला बघताच मला मनापासून खात्री वाटेल, याची भीती वाटते.

तुझा,
पंडित