मेहिटेबलची नोंद

३ ऑक्टोबर, शनिवार

आले एकदाची! घर लहान आहे, पण स्वयंपाकघराच्या एका खिडकीतून खाडी दिसते आणि दुसरीतून टेकडीवरचं जुनं दफनस्थान. माझ्या लेकीने, ग्रेटाने, नाक मुरडलं. म्हणाली, आई, लोक समुद्र बघायला घर भाड्याने घेतात, तू थडगी बघायला घेतेस. मी म्हटलं, समुद्रात माझं कोणी पुरलेलं नाही.

दोन महिन्यांत बारा पिढ्यांची साखळी पुरी करायची आहे. इंग्लंडहून पहिल्या जहाजांनी अमेरिकेत आलेल्यांच्या वंशजांची जी मंडळी आहे, तिथे प्रत्येक पिढीचा जन्म, लग्न आणि मृत्यू कागदाने सिद्ध करावा लागतो. माझी नणंद विल्मा तीस वर्षं तिथली सभासद आहे. दर थँक्सगिव्हिंगला ती छातीवर तो बिल्ला लावून येते आणि मला विचारते, "लोइस, तुझे लोक कधी आले गं? रस्ते झाल्यावर?" यंदा बघतेच तिच्याकडे.

दुपारी हेझलला टेकडीवर नेलं. ग्रेटाची मुलगी, माझी एकुलती एक नात, चार वर्षांची. अठरा नोव्हेंबरला पाच पुरी होतील. थडग्यावर कागद धरून मेणाचा खडू घासला की अक्षरं उमटतात, हे तिला फार आवडलं. दगड तिनेच निवडला, गुडघ्याएवढा. जांभळ्या खडूत उमटलं: मेहिटेबल गोरहॅम, मृत्यू १६६५, वय चार वर्षं. मी वाचून दाखवलं, तर हेझल म्हणाली, "आजी, ही माझ्याएवढी आहे." कागद फ्रिजवर लावलाय.

९ ऑक्टोबर

गावाच्या जुन्या नोंदी मिस्टर क्रोवेल सांभाळतात. वय ऐंशी, जीभ मात्र विशीतली. म्हणाले, "पूर्वज शोधायला येणाऱ्या प्रत्येकाला राजा हवा असतो, बाई. सापडतो डुक्करचोर." तासाभरात माझाही सापडला! शेजाऱ्याची डुकरं पळवली म्हणून दंड झालेला जॉब गोरहॅम, माझा नवव्या पिढीचा आजोबा. दोघे पोट धरून हसलो. घरी येऊन शिंपल्यांचं दाट सूप केलं.

१४ ऑक्टोबर

अडले. जॉबची बहीण मेहिटेबल चार वर्षांची होऊन गेली, तीच टेकडीवरची. त्या काळी मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव द्यायचे. घरातलं नाव रिकामं ठेवत नसत. तशी दुसरी मेहिटेबल झाली. तिची मुलगी पुढे जॉबच्याच मुलाला दिली आणि तिथून माझी साखळी खाली येते. पण प्रत्येक पिढीसाठी मंडळीला नवरा-बायको दोन्हीकडचे कागद लागतात, आणि या दुसरीच्या जन्माचं पान ओल लागून गेलंय. क्रोवेल म्हणाले, "मग इथेच गाडी थांबली म्हणायची."

१७ ऑक्टोबर

एकाच नावाच्या दोन मुली एक समजायच्या, ही या कामातल्या नवशिक्याची चूक. मी ती डोळे उघडे ठेवून केली. पहिल्या मेहिटेबलचा जन्म घेतला, दुसरीचं लग्न त्याला जोडलं, आणि १६६५ चा मृत्यू शेजारच्या घरातल्या मुलीचा असावा असं लिहिलं. शपथेवर सही केली: ही मुलगी लहानपणी मेली नाही.

क्रोवेलनी वाचलं. हसले नाहीत. "मेलेल्यांशी खोटं बोलू नये, बाई. त्यांच्याकडे वेळ भरपूर असतो."

३० ऑक्टोबर

झाले सभासद! बिल्लाही आला. विल्माला फोन केला. एरंडेल प्यायल्यासारखं अभिनंदन केलंन. आनंदाच्या भरात टेकडीवर गेले, त्या मुलीचे आभार मानायला. दगड गुळगुळीत. एकही अक्षर नाही. आजूबाजूच्या दगडांवरची कोरीव अक्षरं मात्र ठळक आहेत. दगड चुकला असेल माझा.

४ नोव्हेंबर

दगड चुकला नव्हता. फ्रिजवरच्या कागदावर नुसता जांभळा खडू आहे, अक्षरं नाहीत.

ग्रेटाचा फोन आला. हेझल जेवताना दोन ताटल्या मागते म्हणे, एक मेहिटेबलची. ग्रेटा हसत होती. मला हसू आलं नाही.

७ नोव्हेंबर, शनिवार

ग्रेटा आली. गाडीत मुलांची एकच खुर्ची आहे. तीत एक फिकट, शहाण्यासारखी बसलेली मुलगी होती, पट्टा लावलेली. हेझल खाली, पायांपाशी. मी विचारलं, ही कोण? ग्रेटा म्हणाली, "आई, असं काय करतेस? मेहिटेबल नाही का!"

ती जेवायला टेबलाशी उभी राहिली. बस म्हटलं तर बसेना. त्या काळी मुलं उभ्यानेच जेवत.

हेझल काहीच खात नव्हती. मी तिला मांडीवर घेतलं. वजनच लागलं नाही.

११ नोव्हेंबर

मंडळीला फोन केला. मी खोटं लिहिलं, ती मुलगी १६६५ साली वारली, माझं नाव काढून टाका. बाई गोड बोलली. म्हणाली, आनंदाने काढू, फक्त मृत्यूचा पुरावा पाठवा.

क्रोवेल आणि मी दिवसभर पानं उलटली. ती ओळ नाही. त्यांनी स्वतः पन्नास वर्षं पाहिलेली ओळ. क्रोवेलनी नोंदवही मिटली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही तिला जगवलंत. मग तिला घर नको?"

१४ नोव्हेंबर

ग्रेटा एकीलाच घेऊन आली. हेझल कुठे, विचारलं.

"कोण हेझल?"

मी रडले, ओरडले, तिचे खांदे धरून हलवले. माझी लेक घाबरली — मला घाबरली. फोनमधले फोटो दाखवले तिने. प्रत्येकात ती फिकट मुलगी. हेझलच्या पिवळ्या रेनकोटात.

१६ नोव्हेंबर

दगडावर अक्षरं येताहेत. खालून वर. आधी — वय चार वर्षं. नावाची जागा अजून कोरी आहे. नखांनी खरवडलं. बोटं सोलली, बाकी काही नाही.

देवा, मला घे. बिल्ला खाडीत फेकला. मला घे तिच्याऐवजी.

१७ नोव्हेंबर

सकाळी तिचं नाव आठवेना. ही वही उघडून वाचलं. हेझल. हेझल. हातावर लिहिलं. दुपारी हात धुतलेला होता — मी धुतला नाही —

तिचे डोळे कोणत्या रंगाचे? इथे लिहिलेलंच नाही. का नाही लिहिलं मी?

१८ नोव्हेंबर

वाढदिवस. ग्रेटाने केक आणलाय. पाच मेणबत्त्या. कोणाचा ते विचारलं नाही.

वहीचं पहिलं पान फाडून खाली टाकलेलं आहे. मग चौथं. ती माझ्या बाजूला उभी आहे, हातात जांभळा खडू. वही दे म्हणते. आजी म्हणते मला.

नाही देणार. एकदा लिहिते, मोठ्या अक्षरांत, क्रोवेलना सापडेल असं. माझी नात होती. दगड तिने निवडला होता. तिचं नाव हे